आमच्या जखमांची प्रश्नावली: संमती कुणाची, माहिती कुणाच्या हाती?

ऑगस्ट २०२५ मध्ये आमच्या विद्यार्थ्यांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एक लिंक आली आणि तिच्यावरून दोन दिवस वाद झाला. लिंक होती राष्ट्रीय कृतिदलाच्या ऑनलाइन प्रश्नावलीची. उच्च शिक्षणसंस्थांतील विद्यार्थी आत्महत्या का करतात आणि त्या कशा थांबवता येतील, याचा शोध घेण्यासाठी सर्वोच्च न्यायालयाने २४ मार्च २०२५ च्या निकालाने हे कृतिदल नेमले. निवृत्त न्यायमूर्ती एस. रवींद्र भट त्याचे अध्यक्ष. दिल्ली आयआयटीत २०२३ मध्ये अनुसूचित जातीच्या दोन विद्यार्थ्यांचा मृत्यू झाला होता. जातीय छळाचा आरोप करीत, निदान गुन्हा तरी नोंदवा, एवढे मागण्यासाठी त्यांच्या पालकांना सर्वोच्च न्यायालयापर्यंत जावे लागले. त्याच प्रकरणात हे कृतिदल नेमले गेले. विद्यार्थी, पालक, शिक्षक, मानसिक आरोग्य क्षेत्रात काम करणारे अशा वेगवेगळ्या गटांसाठी त्याने प्रश्नावल्या खुल्या केल्या.

ग्रुपवर बहुतेकांचे म्हणणे सरळ होते: भरा, सगळ्यांनी भरा. रोहित वेमुला आणि पायल तडवी यांची नावे घोषणांत घेतो, तर एवढे तरी करू. पण एका मोठ्या तंत्रशिक्षण संस्थेत शिकणाऱ्या मुलाने विचारले, "कॉलेजला कळलं तर?" त्याला लगेच दोन-चार उत्तरे मिळाली. "घाबरतोस काय?" "जय भीम म्हणतोस आणि फॉर्मला भितोस?" तो गप्प झाला. त्याच्या प्रश्नाचे उत्तर मात्र कुणीच दिले नाही. आम्हीही नाही.

तेव्हापासून आम्ही त्या प्रश्नाकडे परत परत येत आहोत, कारण लिंक काही एकच नसते. पीएच.डी. करणारे येतात, मानसशास्त्राच्या एम.ए.चा प्रबंध लिहिणारे येतात, स्वयंसेवी संस्था येतात, मानसिक आरोग्याची ॲप बनवणाऱ्या कंपन्या येतात. सगळ्यांना आमची वसतिगृहे हवी असतात, आमच्या वस्त्या हव्या असतात. तुला कधी जातीवरून हिणवले का? तेव्हा काय वाटले? झोप लागते का? जगणे नकोसे वाटते का? एका वर्षात एकाच वसतिगृहातल्या मुलांनी असे तीन-तीन, चार-चार फॉर्म भरल्याचे आम्ही पाहिले आहे. त्यातल्या एकाचाही निष्कर्ष परत त्या वसतिगृहात आल्याचे आम्हाला आठवत नाही.

आमची भूमिका आधीच स्पष्ट करतो. आम्ही अशा संशोधनाच्या विरोधात नाही. उलट ते झाले पाहिजे, आणि जास्त झाले पाहिजे. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या २०२२ च्या अहवालात १३,०४४ विद्यार्थ्यांच्या आत्महत्या नोंदल्या आहेत. त्यातले किती अनुसूचित जाती-जमातींचे, हे त्याच्या प्रकाशित तक्त्यांतून कळत नाही. आकडा नसला की संस्था म्हणतात, आमच्याकडे असे काही नाही. म्हणून विचारणाऱ्यांना दारातून परत पाठवणे हा मार्ग नाही. प्रश्न एवढाच आहे, की विचारताना विचारल्या जाणाऱ्याचे काय होते, आणि त्याची काळजी कुणी करायची.

यासाठी आम्ही एक असा प्रयोग घेतो जो आम्ही स्वतः व्यासपीठांवरून कित्येकदा सांगितला आहे. कार्ला हॉफ आणि प्रियांका पांडे या दोन अर्थशास्त्रज्ञांनी तो उत्तर प्रदेशातल्या खेड्यांत केला आणि २००४ मध्ये जागतिक बँकेच्या शोधनिबंधातून मांडला. उच्च मानल्या गेलेल्या जातींची ३२१ आणि दलित जातीची ३२१ शाळकरी मुले. सहा-सहा जणांचे गट. काम सोपे: कागदावरच्या भूलभुलैयातून वाट काढायची, सुटेल तेवढ्या कोड्यांचे पैसे मिळायचे. जात कुणाची कुणाला सांगितली नाही तेव्हा दोन्ही गटांतली मुले सारखीच हुशार निघाली. मग दुसऱ्या गटांत प्रयोग घेणाऱ्याने एकेका मुलाकडे वळून सगळ्यांसमोर त्याचे नाव, गाव, वडिलांचे नाव, आजोबांचे नाव आणि जात मोठ्याने सांगितली. बरोबर असेल तर मान हलव, असे म्हटले. मुलाने मान हलवली. एवढ्यानेच दलित मुलांची सुटलेली कोडी कमी झाली आणि दोन गटांत मोठे अंतर पडले. बक्षीस कुणाला मिळणार हे चिठ्ठी टाकून ठरणार असे सांगितले, तेव्हा ते अंतर पुन्हा नाहीसे झाले. म्हणजे मुलांना कोडी येत नव्हती असे नाही. माणूस निवाडा करणार असेल तर तो आपल्या बाजूने होणार नाही, हे त्या वयात त्यांना पक्के ठाऊक होते.

'मेरिट'च्या नावाने आरक्षणावर तोंडसुख घेणाऱ्यांना इतके नेमके उत्तर फार थोड्या प्रयोगांनी दिले असेल. आम्ही ते वापरले, पुढेही वापरू. पण इतक्या वर्षांत आमच्यापैकी एकानेही विचारले नाही, की मान हलवणाऱ्या त्या मुलाचे पुढे काय झाले? त्या खोलीत त्याच्याबरोबर पाच जण होते. ती मुले परत आपापल्या गावी, शाळेत गेली असतील. आपण कमी कोडी सोडवली हे त्याला दिसले असेल. ते का घडले, तो दोष त्याचा नव्हता, हे त्याला कुणी सांगितले का? संशोधकांवर आरोप करण्यासाठी आम्ही हे लिहीत नाही. त्यांचा हेतू भेदभाव उघडा पाडण्याचा होता आणि तो त्यांनी पाडला. दोष आमचा आहे. निष्कर्ष आमच्या बाजूचा निघाला म्हणून आम्हाला त्या मुलाची आठवण झाली नाही.

कुणी म्हणेल, यात एवढे काय? शिष्यवृत्तीच्या याद्या वाचताना मास्तर वर्गात जात पुकारतातच. हे म्हणणे आम्ही मुद्दाम इथे घेतो, कारण संशोधनाच्या नीतिशास्त्रात हाच युक्तिवाद सभ्य भाषेत बसलेला आहे. संशोधनातला धोका 'किमान' केव्हा मानायचा? जेव्हा तो माणसाच्या रोजच्या आयुष्यात एरवी वाट्याला येणाऱ्या त्रासापेक्षा जास्त नसेल. ही व्याख्या जगभर चालते. धोका किमान ठरला की मंजुरी सोपी होते, छाननी हलकी होते. पण रोजचे आयुष्य कुणाचे? ज्या मुलाला रोजच जातीवरून टोचले जाते, त्याला प्रयोगात आणखी एकदा टोचले तर 'रोजच्यापेक्षा जास्त नाही' असेच उत्तर येणार. म्हणजे समाजाने ज्याचे आयुष्य जितके कठीण केले, तितके त्याच्यावर प्रयोग करणे सोपे. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या २०१७ च्या राष्ट्रीय मार्गदर्शक तत्त्वांत ही फट काही प्रमाणात बुजवलेली दिसते. तिथे तुलना सरासरी निरोगी व्यक्तीच्या किंवा सर्वसाधारण लोकांच्या रोजच्या आयुष्याशी करायची आहे, सहभागी माणसाच्या सोसण्याशी नाही. समितीत बसलेल्या माणसाला सर्वसाधारण म्हणून कोण डोळ्यांसमोर येते, हा प्रश्न उरतोच. पण हे वाक्य आपल्या कार्यकर्त्यांना माहीत असले पाहिजे. कुणी 'मिनिमल रिस्क' म्हणत आला तर विचारता येते, कुणाच्या मापाने?

सातारच्या शाळेत भीमरावाला घरून आणलेल्या गोणपाटावर वेगळे बसावे लागे, हे आपल्याला पाठ आहे. सगळ्यांसमोर वेगळे काढले जाण्याचा अर्थ आपल्याला पुस्तकातून शिकायला नको.

विनयपिटकाच्या महावग्गात या संदर्भात एक प्रसंग आहे, जो प्रवचनांत फारसा ऐकू येत नाही. उपसंपदेच्या वेळी उमेदवाराला काही प्रश्न विचारण्याचा नियम झाला: कुष्ठरोग आहे का, क्षय आहे का, अपस्मार आहे का, कर्ज आहे का, राजाच्या नोकरीत आहेस का, आईवडिलांची परवानगी आहे का, वीस वर्षे पूर्ण झाली का. हे प्रश्न भर संघात विचारले जाऊ लागले आणि उमेदवार ओशाळले. त्यांना उत्तरच देता येईना. तेव्हा तथागतांनी नियम केला, की आधी त्यांना समजावून सांगा, मग विचारा. तरी समजावणे संघासमोरच होऊ लागले आणि उमेदवार पुन्हा ओशाळले. मग नियम आणखी दुरुस्त झाला: बाजूला घेऊन आधी समजावा, आणि नंतर संघासमोर विचारा. आईवडिलांच्या परवानगीचा नियमही एका दुःखातून आला. राहुलाला प्रव्रज्या दिल्यावर शुद्धोदनाने आपली व्यथा सांगितली, आणि यापुढे आईवडिलांच्या संमतीवाचून मुलाला प्रव्रज्या देऊ नये असे ठरले.

हे नियम संघप्रवेशाचे आहेत, संशोधनाचे नाहीत. 'बुद्धाने सगळे आधीच सांगून ठेवले होते' या थाटाचे लेखन आम्हाला आवडत नाही. पण समोरचा माणूस ओशाळतो हे दिसल्यावर त्याला धीट हो म्हणून न सांगता विचारण्याची पद्धत बदलली गेली, आणि तीही दोनदा, हे लक्षात घेण्यासारखे आहे. ग्रुपवरच्या त्या मुलाला आम्ही याच्या नेमके उलट वागवले. आणखी एक गोष्ट: त्या प्रश्नांच्या यादीत उमेदवाराचे नाव आहे, उपाध्यायाचे नाव आहे. जात नाही.

आता संमतीकडे येऊ. फॉर्मच्या वरच्या बाजूला चार ओळी असतात आणि खाली 'मी सहमत आहे' अशी चौकट. चौकटीत टिचकी मारली की संमती झाली. पण वसतिगृहाचे गृहपाल स्वतः कागद वाटतात तेव्हा कोणता मुलगा नको म्हणतो? प्रबंधाच्या मार्गदर्शकाच्या दुसऱ्या विद्यार्थ्याला नमुना हवा असतो तेव्हा पहिला विद्यार्थी नको म्हणतो का? याच मार्गदर्शक तत्त्वांत विद्यार्थी, कर्मचारी, कैदी अशा वरच्याखालच्या नात्यात अडकलेल्या लोकांना, तसेच सामाजिक व आर्थिक दृष्ट्या वंचितांना आणि आदिवासींना असुरक्षित सहभागी मानले आहे. मुलांबाबत तर पालकांच्या सहीबरोबर मुलाचा स्वतःचा होकारही हवा: सात ते बारा वर्षांपर्यंत तोंडी, त्यापुढे लेखी. मानसिक आजार असलेल्या व्यक्तींवरील संशोधनासाठी २०१७ च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्यात मुक्त आणि माहितीपूर्ण संमतीची वेगळी तरतूद आहे. कागदावर हे सगळे चांगलेच आहे. अडचण अशी, की ही चौकट वैद्यकीय आणि आरोग्यविषयक संशोधनाची. तेच प्रश्न शिक्षणशास्त्र, व्यवस्थापन किंवा अर्थशास्त्र विभागातून विचारले गेले, किंवा एखाद्या ॲपने 'वापरकर्त्यांचा अभ्यास' म्हणून विचारले, तर ते कुठल्या समितीपुढे गेले हे शोधून काढावे लागते. कला शाखेच्या महाविद्यालयात एम.ए.चा प्रबंध तपासायला नैतिकता समिती असतेच असे नाही. मुंबईत 'सेहत' संस्थेच्या पुढाकाराने २००० मध्येच आरोग्यविषयक सामाजिक संशोधनासाठी नैतिक मार्गदर्शक तत्त्वे तयार झाली होती. म्हणजे पाव शतक हा विषय महाराष्ट्रात बोलला जातो आहे. वसतिगृहाच्या पायरीपर्यंत तो आलेला नाही.

आपल्या घरातलेही थोडे बोलू. एप्रिल १९९४ मध्ये दिल्लीच्या तिहार तुरुंगात एक हजाराहून अधिक कैद्यांचे विपश्यना शिबिर झाले. किरण बेदी तेव्हा तुरुंग महानिरीक्षक होत्या. तिथल्या कैद्यांवर शिबिराचा काय परिणाम झाला, हे मानसशास्त्रीय चाचण्यांनी मोजले गेले आणि ते निष्कर्ष पुढे अभिमानाने सांगितले गेले. विपश्यनेबद्दल आपल्या चळवळीत मतभेद आहेत, तो वाद इथे नको. आमचा मुद्दा वेगळा आहे. ज्याची भेट, ज्याचे काम, ज्याची वागणुकीची नोंद तुरुंगाच्या हातात आहे, तो कैदी चाचणीला 'नको' म्हणू शकतो का? तिथे संमती घेतली नव्हती असे आम्ही म्हणत नाही. एवढेच म्हणतो, की 'धम्माचा चांगला परिणाम दिसला' हे ऐकल्यावर तो प्रश्न आपल्या मनात येतच नाही. आपल्याच विहारांत, बालसंस्कार शिबिरांत मुलांकडून 'आधी आणि नंतर'चे तक्ते भरून घेतले जातात, तेव्हाही येत नाही.

त्या मुलाचा खरा प्रश्न मात्र माहितीचा होता. कॉलेजला कळलं तर?

फॉर्मवर लिहिलेले असते: नाव विचारलेले नाही, उत्तरे गुप्त राहतील. आता हिशोब करा. २०११ च्या जनगणनेत देशात ८४ लाखांच्या आसपास बौद्ध होते आणि त्यांतले ६५ लाख एकट्या महाराष्ट्रात. महाराष्ट्राबाहेरच्या एखाद्या केंद्रीय संस्थेत फॉर्मवर लिहा: धर्म बौद्ध, प्रवर्ग अनुसूचित जाती, राज्य महाराष्ट्र, शाखा अमुक, वर्ष दुसरे, लिंग स्त्री. नाव लिहायची गरजच उरली नाही. त्या वर्गात अशी मुलगी एकच असते. सवर्ण विद्यार्थ्याला 'नाव नाही' ही हमी पुरते, कारण तो गर्दीत मिसळून जातो. आपली संख्या थोडी, म्हणून तीच हमी आपल्याला पुरत नाही. हे संशोधनाच्या वर्गात शिकवले जाते, तरीही असे फॉर्म येत राहतात. त्यावर उपाय अवघड नाही. शाखा, वर्ष आणि राज्य एकत्र विचारू नये, थोड्या संख्येचे रकाने छापताना एकत्र करावेत, मूळ माहिती संस्थेच्या हाती देऊ नये. कृतिदलासारख्या न्यायालयाने नेमलेल्या यंत्रणेकडून ही खात्री लेखी आणि सोप्या मराठीत मिळावी, ही अपेक्षा जास्त नाही.

कायदा किती साथ देतो? वैयक्तिक माहिती संरक्षणाच्या २०१९ च्या विधेयकात जात, जमात, धार्मिक श्रद्धा, आरोग्य यांना 'संवेदनशील वैयक्तिक माहिती' म्हणून वेगळे, कडक संरक्षण होते. २०२३ मध्ये जो कायदा झाला त्यात हा वेगळा वर्गच नाही. शिवाय संशोधन आणि सांख्यिकीसाठी माहिती वापरली, त्यावरून त्या व्यक्तीबद्दल काही निर्णय घेतला नाही आणि ठरवून दिलेली मानके पाळली, तर या कायद्यातून सूट आहे. संशोधनाला मोकळीक हवी हे आम्हाला मान्य आहे. पण तुमची जात आणि तुमची झोपेची गोळी ही माहिती कायद्याच्या नजरेत तुमच्या बूट-चपलेच्या मापाइतकीच साधी असेल, तर संशोधकाच्या शब्दावर विसंबण्याआधी त्याला चार प्रश्न विचारणे हा आपला हक्क ठरतो.

एकाने माहिती दिली तरी ती त्याच्या एकट्याची राहत नाही, हे अमेरिकेतल्या एका प्रकरणात फार स्पष्ट दिसले. ॲरिझोना राज्यात ग्रँड कॅन्यनच्या दरीत हावासुपाई नावाची लहान आदिवासी जमात राहते. त्यांच्यात मधुमेह फार. १९९० पासून ॲरिझोना स्टेट युनिव्हर्सिटीच्या संशोधकांनी त्यांचे रक्ताचे नमुने घेतले. लोकांची समजूत अशी, की हे मधुमेहासाठी चालले आहे. संमतीपत्रातले शब्द मात्र मोघम होते. त्याच नमुन्यांवर पुढे स्किझोफ्रेनियाचा अभ्यास झाला, जमातीतल्या आपसातल्या लग्नांचा झाला, त्यांचे पूर्वज कुठून स्थलांतर करून आले याचा झाला. हा शेवटचा अभ्यास तर त्यांच्या उत्पत्तीकथेलाच छेद देणारा. हे २००३ मध्ये जमातीला कळले. खटला झाला, आणि २०१० मध्ये विद्यापीठाने तडजोड करून ७ लाख डॉलर दिले व उरलेले नमुने परत केले. रक्त आपले, पण त्यावरून 'हे लोक असे आहेत' हे सांगणारे दुसरेच. आपल्याकडे रक्ताच्या जागी प्रश्नावली आहे. 'दलित तरुणांमध्ये नैराश्य, आत्मविश्वासाचा अभाव' असे मथळे आम्ही वाचतो तेव्हा हावासुपाई आठवतात. आत्मविश्वास कमी करणाऱ्या संस्थेचे नाव त्या मथळ्यात कधीच नसते. मोजमाप मार खाणाऱ्याचे होते, मारणाऱ्याचे नाही. वर्गात जात काढणाऱ्या प्राध्यापकांच्या मनाचा अभ्यास करायला कुणी त्यांच्या स्टाफ रूमबाहेर फॉर्म घेऊन उभे राहिलेले आम्ही पाहिलेले नाही.

यात सर्वांत अवघड भाग उरतो तो उत्तर मिळाल्यानंतरचा, आणि इथे आम्हाला आमचीच चूक सांगितली पाहिजे. काही वर्षांपूर्वी जयंतीच्या कार्यक्रमात मांडण्यासाठी आम्ही वसतिगृहांतल्या मुलामुलींचे एक सर्वेक्षण केले. गुगल फॉर्म, पंधरा-वीस प्रश्न, नाव आणि फोन नंबर ऐच्छिक. त्यात एक प्रश्न होता, जगणे नकोसे वाटते का? एका मुलाने त्याच्यासमोर 'रोज' हा पर्याय निवडला आणि खाली नाव-नंबर लिहिला. आम्ही उत्तरे एकत्रच बघायची ठरवली होती, त्यामुळे ते पान नवव्या दिवशी उघडले. फोन लावताना आमचे हात कापत होते. त्याने उचलला. तो एवढेच म्हणाला, "मला वाटलं तुम्ही लगेच फोन कराल, म्हणून नंबर लिहिला होता." तो बरा आहे, नंतर त्याला उपचार मिळाले. पण ते नऊ दिवस आमचे आहेत. आमचा हेतू चांगला होता, आम्ही त्याच्याच समाजाचे होतो, आणि आम्ही कुठल्याही बाहेरच्या संशोधकाइतकेच बेफिकीर निघालो. जात तीच असली म्हणून काळजी आपोआप घेतली जात नाही.

तेव्हापासून आमच्यात ठरले आहे, की असा प्रश्न विचारायचा तर उत्तर त्याच दिवशी वाचणारा प्रशिक्षित माणूस हवा. नसेल तर तो प्रश्न विचारायचा नाही. फॉर्मच्या शेवटी टेली-मानसचा १४४१६ हा सरकारी मोफत नंबर छापणे हे किमान काम आहे. तेवढे करून जबाबदारी संपत नाही, पण कित्येक फॉर्मांवर तेवढेही नसते.

आणि उत्तरांचे होते काय? २००६ मध्ये सुखदेव थोरात यांच्या अध्यक्षतेखाली एक समिती दिल्लीच्या एम्समध्ये नेमली गेली. अनुसूचित जाती-जमातींच्या विद्यार्थ्यांनी त्या समितीसमोर धोका पत्करून आपले अनुभव सांगितले. २००७ मध्ये अहवाल आला आणि संस्थेच्या प्रशासनाने तो फेटाळला. ज्यांनी तोंड उघडले ते तिथेच शिकत होते, त्यांची परीक्षा घेणारेही तिथेच होते. सांगण्याची किंमत सांगणाऱ्याने मोजली. कृतिदलाच्या बाबतीत निदान न्यायालय मागे उभे आहे, हा फरक आम्हाला मोठा वाटतो. म्हणूनच त्या वादात आमचे मत 'भरा' असेच होते, आणि आजही कुणी विचारले तर तेच सांगू. फक्त स्वतःच्या मोबाइलवरून, कॉलेजच्या ईमेलवरून नाही. ओळख पटेल असा तपशील मोकळ्या रकान्यात न लिहिता, आणि ज्याला भरायचे नाही त्याला भित्रा न म्हणता.

बाकीच्या लिंकांसाठी आम्ही एक साधी पद्धत सुरू केली आहे. ग्रुपवर लिंक टाकण्याआधी पाठवणाऱ्याला आम्ही विचारतो: कोणत्या नैतिकता समितीने मंजुरी दिली आणि तिचे पत्र दाखवाल का, कच्ची उत्तरे कुणाला दिसतील, किती दिवसांनी नष्ट होतील, कुणी मधेच थांबला तर त्याची आधीची उत्तरे पुसता येतील का, कुणी जिवावर बेतणारे काही लिहिले तर त्याच दिवशी कोण फोन करेल, आणि निष्कर्ष आमच्या विहारात येऊन मराठीत कधी सांगाल. आमचे काही मित्र म्हणतात, एवढे विचारले तर कुणी येणारच नाही. काही जण खरेच आले नाहीत. एका ॲपवाल्यांनी तर दुसऱ्या दिवशी आमचा नंबरच ब्लॉक केला.

मागच्या महिन्यात मानसशास्त्र शिकणारी एक मुलगी आमच्याकडे आली होती. आपल्यातलीच नव्हे, पण तिने प्रश्न शांतपणे लिहून घेतले. चारांची उत्तरे तिच्याकडे तयार होती. रात्री-अपरात्री फोन कोण करणार आणि निष्कर्ष सांगायला परत येण्याचा खर्च कोण देणार, हे दोन प्रश्न घेऊन ती आपल्या मार्गदर्शकांकडे गेली आहे. वसतिगृहातल्या मुलींना आम्ही सांगून ठेवले आहे, की ती परत आली तर आधी प्रत्येकीशी बाजूला बसून बोलेल, फॉर्म नंतर.